कुडाळचं ‘इमोशनल इंटेलिजन्स’ वर्कशॉप, सुपरवायझरनी जावं का?

आमच्या काजू कारखान्याच्या मालकांनी फी भरली म्हणून गेलो. स्वतःच्या खिशातून भरली असती का? अर्ध्या दिवसाची भरली असती. हॉटेलचा एसी हॉल, कारखानेवाले, होमस्टेवाले, पतसंस्थेचे मॅनेजर सगळे एकत्र. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली कुरकुर आहे.

सकाळचं सेशन खरंच भारी. थिअरी पटकन उरकली, म्हणजे सॅलोवे आणि मेयर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये इमोशनल इंटेलिजन्सची, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून सांभाळण्याची, कल्पना मांडली, 1998 मध्ये डॅनियल गोलमननी ती लीडरशिपला लावून पाच भाग सांगितले, स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, कामाची आतून ओढ, समोरच्याचं मन कळणं आणि माणसं जोडून ठेवणं, आणि मग थेट प्रॅक्टिस. जे डोळ्याला दिसलं तेवढंच बोलायचं, त्यावरून आपण काढलेला अर्थ नाही बोलायचा. सोपं वाटतं ना, करून बघा.

आता आमच्याकडे काजू बी फोडताना पाकळी, म्हणजे अख्खा न राहता दुभंगलेला गर, जास्त पडायला लागली की सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडणार, “लक्ष खंय आसा गो तुजा?” आणि ती बाई दिवसभर गप्प. त्याऐवजी “आज पाकळी जास्त पडतेय, बी कशी लागतेय हाताला?” एवढंच विचारलं तर तीच सांगते की बी नीट वाफवलेली नाहीये, नाहीतर वाफवून पुरती सुकू दिली नाही, गर टरफलाला चिकटून येतोय. म्हणजे घोळ बॉयलरपाशी आणि बोलणी खातेय फोडणारी! अख्ख्या गराला आणि पाकळीला मिळणाऱ्या भावात किती फरक असतो ते इकडे कुणाला सांगायला नको, त्यामुळे हा भाग मालकालाही पटेल. ट्रेनर बाईंनी हे उदाहरण माझ्याकडून काढून घेतलं आणि सगळ्यांकडून दोन्ही बाजूंनी करवून घेतलं, एका पतसंस्थेच्या साहेबांना ओरडून घ्यायची पाळी आली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुपारी मात्र गाडी घसरली. दुसरे सर आले आणि स्लाइडवर मोठ्या अक्षरात, यशात आयक्यू 20 टक्के, ईक्यू (म्हणजे हीच भावनांची हुशारी) 80 टक्के. अहो असं नाहीये ते. गोलमनचं म्हणणं होतं की आयुष्यातल्या यशात आयक्यूचा वाटा फार तर 20 टक्के, बाकीच्यात घरची परिस्थिती, नशीब सगळंच आलं, ते सगळं ईक्यूच्या खात्यात कसं टाकता? मग एक प्रश्नावली, ‘मी इतरांच्या भावना समजून घेतो’, होय की नाही. रागीट माणूस तर पहिला होय लिहितो! मेयर-सॅलोवेंच्या टेस्टमध्ये निदान चेहऱ्यांचे फोटो दाखवून त्यात कुठली भावना दिसते ते विचारतात, तसं काही आणलं असतं तर मजा आली असती. रोल-प्ले पण सगळा पुण्या-मुंबईच्या ऑफिसातला, ईमेल, अप्रेझल वगैरे.

आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. एकीनं विचारलं की बाई सांगते टरफलातल्या तेलानं हात भाजतात, मी ऐकून घेतलं, पण हातमोजे मागवायचा अधिकारच मला नाही, मग पुढे काय? सर म्हणाले, सहानुभूती दाखवा. अरे पण नुसती सहानुभूती किती दिवस दाखवणार, चौथ्यांदा तीच तक्रार सांगताना ती बाई सुपरवायझरला खोटारडीच समजेल ना. ऐकायला शिकवताय तर ऐकलेलं वर पोचवायचं कसं आणि मालकानं त्यावर खर्च कधी करायचा हेही शिकवा, आणि त्या तासाला मालकांनाच बसवा, ते फक्त उद्घाटनाला नारळ फोडून गेले.

जेवण चांगलं, सोलकढी दोनदा मागून घेतली. नवीन सुपरवायझर असाल, होमस्टेत चार माणसं हाताखाली असतील तर जा, पण जेवून निघा. आणि आयोजकांनो, पुढची बॅच मार्च ते मे ठेवू नका, बी खरेदीच्या धावपळीत आमच्यातलं कोणी येणार नाही, पावसात ठेवा.