ओआरएमशिवाय सर्व्हिस लेअर: सोयाबीन आणि तुरीचा हंगाम काढल्यावरचा अनुभव

लातूरच्या आडत दुकानांसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर चालवतो. मागचा सोयाबीनचा अख्खा हंगाम आणि पाठोपाठ तुरीचा, दोन्ही ओआरएमशिवाय (डेटाबेसच्या क्वेरी आपोआप बनवून देणाऱ्या लायब्ररीशिवाय) निघाले. पायथन, पोस्टग्रेस डेटाबेस, त्यांना जोडणारा सायकोपीजी ३ हा ड्रायव्हर आणि मध्ये आम्हीच लिहिलेला सर्व्हिस लेअर, म्हणजे स्क्रीन आणि डेटाबेस यांच्यामधला कोड.

आडतीची नोंद ठरलेली असते: शेतकरी, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोब). विचारणा मात्र रोज निराळी. "मुरूडकडचं नुसतं सोयाबीन दाखवा, दिवाळीनंतरचं, ज्याची पट्टी द्यायची राहिलीय तेवढंच." दुसऱ्या दिवशी त्याच मालकांना खरेदीदारवार बेरीज पाहिजे. ओआरएमला हे जमत नाही असं नाही, पण जॉइन (टेबलांची जोडणी) आणि बेरजा वाढल्या की खाली नेमकी कोणती क्वेरी गेली ते बघायला लॉग उपसत बसावं लागतं.

आता प्रत्येक स्क्रीनला वेगळं फंक्शन नाही. तारखा, माल, गाव, क्रम असा निकषांचा एकच ऑब्जेक्ट येतो. जे भरलंय तेवढ्याच अटी क्वेरीच्या व्हेअर भागात जोडायच्या, व्हॅल्यू कायम पॅरामीटरने, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी. कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून जात नाही, म्हणून क्रमवारीला चालणाऱ्या कॉलमांची यादी कोडमध्येच पक्की केली. ही यादी करायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊच नका. स्क्रीनवरून आलेलं नाव थेट क्वेरीत चिकटवलं की इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने क्वेरीत आपला मजकूर घुसवायला, दार उघडंच.

सगळ्या अटी घालून एकच मोठी क्वेरी, "तारीख नल (रिकामी) असेल तर सोडून दे" अशा थाटाची, लिहायचा मोह होतो. सायकोपीजी ३ पॅरामीटर सर्व्हरकडे वेगळे पाठवते, त्यामुळे नुसत्या नलच्या तपासणीत पोस्टग्रेसला त्यांचा टाइप कळत नाही आणि एरर येतो. कास्ट (टाइप स्पष्ट सांगणं) लिहावाच लागतो. तेवढ्यावर भागलं तरी तीच क्वेरी पाचपेक्षा जास्त वेळा गेली की ड्रायव्हर ती प्रिपेअर करतो (सर्व्हरवर तयार ठेवतो), आणि पुढे सगळ्या निकषांना एकच जेनेरिक प्लॅन, म्हणजे व्हॅल्यू न बघता ठरवलेली क्वेरी चालवायची रीत, लागू शकतो. एका गावाच्या शोधाला आणि वर्षभराच्या शोधाला एक प्लॅन कसा पुरणार? भरलेल्याच अटी जोडल्या की हा प्रश्न बराचसा मिटतो. यादीतलं काहीही चालेल अशा अटीसाठी 'इन'ला टपल (पायथनमधली न बदलणारी यादी) देण्याची जुनी सवयही सोडावी लागते. 'एनी'ला लिस्ट द्यायची.

मागची पानं उघडताना ऑफसेट (क्वेरीत 'इतक्या ओळी सोड' सांगणं) आधीच्या सगळ्या ओळी वाचून टाकून देतो. शेवटची तारीख आणि आयडी धरून पुढचं पान काढलं की खोलवरचं पानही तितक्याच चटकन येतं. रकमा पोस्टग्रेसच्या न्यूमेरिकमधून पायथनच्या डेसिमलमध्ये येतात, पैशाला पैसा जुळतो.

तक्रारी आहेतच. कॉलमचं नाव बदललं की अख्ख्या कोडात शोधत फिरायचं. टेस्ट खऱ्या पोस्टग्रेसवरच चालवाव्या लागतात. नवीन पोराला आधी एसक्यूएल नीट आलं पाहिजे (हे मला चांगलंच वाटतं, त्याला नाही). आणि शेतकरी, गाव, माल यांच्या साध्या नोंदींच्या स्क्रीनसाठी तेच ते इन्सर्ट-अपडेट लिहिणं निव्वळ हमाली. तेवढ्या भागापुरता ओआरएम परत आणायचं आमचं जवळपास ठरलंय. रिपोर्टला मात्र हात लावू देणार नाही.