दोन तोंडांची मॉर्सेलेशन पिशवी: गाठ बाहेर काढण्याच्या साधनाची पारख

दुर्बिणीतून फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, काढताना सगळ्यांचे लक्ष ती गर्भाशयापासून सोडवण्यावर आणि गर्भाशयाचे टाके नीट बसवण्यावर असते. आठ-दहा सेंटिमीटरची गाठ दीड सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर आणण्याचे काम शेवटी येते, तेव्हा सगळी टीम थकलेली असते. मॉर्सेलेटर या यंत्राचे फिरते पाते गाठीच्या लांबट पट्ट्या कापून देते; याला मॉर्सेलेशन म्हणतात. पण पिशवीशिवाय थेट पोटात ते चालवले, की बारीक कण आतड्यांवर, ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर), गर्भाशयामागच्या खळग्यात उडतात. कितीही धुतले तरी ते सगळे निघत नाहीत. म्हणून पोटातच पिशवी उघडायची, गाठ तीत ठेवायची आणि पाते पिशवीच्या आतच चालवायचे.

अशा पिशव्यांचे प्रकार बरेच आहेत. इथे पारख केली आहे ती दोन तोंडांच्या पिशवीची. एक तोंड रुंद, तिथून मॉर्सेलेटर जातो. दुसऱ्या बाजूला अरुंद शेपटी, तिच्यातून ५ मिमीची दुर्बीण आत येते. मुंबईच्या व्हीओल मेडिकल टेक्नॉलॉजीजची मॉरसेफ याच पद्धतीची आहे. रचनेतला विचार साधा आणि चोख आहे. दुर्बिणीसाठी पिशवीला भोक पाडावे लागत नाही. एकतोंडी पिशवीला बाजूने ट्रोकार (टोकदार नळी) टोचून दुर्बीण आत घालण्याची पद्धतही प्रचारात होती. पण ज्या पिशवीने गळती थांबवायची तिलाच भोक पाडायचे, हे पटण्यासारखे नाही.

या पिशव्यांची चर्चा वाढली ती १७ एप्रिल २०१४ नंतर. त्या दिवशी अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय साधनांची नियामक संस्था) पॉवर, म्हणजे यंत्राने चालणाऱ्या, मॉर्सेलेटरविरुद्ध इशारा दिला. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीत न ओळखलेला सार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी इथिकॉन कंपनीने आपले मॉर्सेलेटर बाजारातून काढून घेतले. हा आकडा जास्त धरला आहे, असे पुढच्या अनेक विश्लेषणांनी म्हटले आणि वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये एफडीएने सांगितले, की पॉवर मॉर्सेलेशन योग्य निवडलेल्या रुग्णांतच आणि पिशवीतच करावे.

कॅन्सरची भीती बाजूला ठेवली तरी पिशवीची गरज संपत नाही. पोटात राहिलेला साध्या फायब्रॉइडचा तुकडा नवा रक्तपुरवठा मिळवून वाढू शकतो. अशा परजीवी गाठींचे प्रमाण एका आढाव्यात ०.१२ ते ०.९५ टक्के दिले आहे. पुन्हा पोट उघडावे लागलेल्या स्त्रीला हे प्रमाण लहान वाटणार नाही.

आता वापर. टाके पूर्ण करून रक्तस्राव थांबला, की पिशवी घट्ट गुंडाळून १५ मिमीच्या पोर्टमधून (पोटाच्या भिंतीतल्या नळीतून) आत सोडायची. गुंडाळी करताना शेपटी बाहेरच्या थरात राहील असे पाहावे, म्हणजे आत गेल्यावर ती लगेच सापडते. रुग्णाचे डोके खाली केलेले असतेच. आतडी वर सरकल्यावर पिशवीचे तोंड पसरून गाठ आत ढकलायची. लहान गाठी अनेक असतील तर त्या सोडवतानाच एका धाग्यात माळेसारख्या ओवून ठेवाव्यात आणि मोजाव्यात. पिशवी भरताना एखादी आतड्यामागे निसटली, तर अर्धा तास शोधण्यात जातो.

मग रुंद तोंड पोर्टच्या जागेतून बाहेर ओढून त्वचेवर पसरायचे आणि शेपटी समोरच्या ५ मिमी पोर्टमधून बाहेर काढायची. शेपटीला पीळ पडला नाही ना, हे पोटात आधीच असलेल्या दुर्बिणीतून बघून घ्यावे. पीळ पडलेल्या शेपटीतून दुर्बीण जोर लावून सारली, की प्लास्टिक तिथेच फाटते. यानंतरची पायरी घाईत राहून जाते: पोटातला वायू सोडून द्यायचा आणि मगच पिशवीत १२ ते १५ मिमी पाऱ्याच्या दाबाने वायू भरायचा. पोट फुगलेलेच राहिले तर पिशवी फुलत नाही, तिच्या घड्या पात्यासमोर लोंबतात. बाकीच्या ट्रोकारांची टोके पोटाच्या भिंतीपर्यंत मागे घ्यावीत, नाहीतर फुगलेली पिशवी त्यांच्यावर येऊन टेकते.

पाते चालवताना गाठ पात्याकडे ओढायची, पाते गाठीकडे ढकलायचे नाही. नियम जुनाच आहे, पण पिशवीत तो मोडला तर क्षणात भोक पडते. मॉर्सेलेटरचे तोंड कायम दिसत राहिले पाहिजे. कण उडून दुर्बीण धुरकट झाली, की पाय पेडलवरून उचलायचा, भिंग पुसायचे, मग पुढे जायचे. संत्रे सोलावे तशी कडेने पट्टी सोलत गेले तर गाठ जागच्या जागी फिरते आणि लांब तुकडे मिळतात. मधोमध छेद घेतला तर शेवटी पोकळ कवच उरते आणि त्याचे लहान लहान तुकडे होतात.

पिशवी फाटण्याची कारणे ठरलेली आहेत. पंजाच्या चिमट्यात गाठीसोबत घडी पकडली जाते. वायूचा दाब पडलेला असताना पाते सुरू होते. पाते आवरणात न घेताच मॉर्सेलेटर मागे ओढला जातो. आणि शेवटी जड पिशवी अरुंद छेदातून जोराने खेचली जाते. यातली पहिली चूक सगळ्यात फसवी, कारण भोक लहान असते आणि काम चालू असताना दिसत नाही.

बाहेर काढताना आधी शेपटीतून दुर्बीण काढायची, शेपटीच्या टोकाला घट्ट गाठ मारायची, मगच ती पोटात सोडून रुंद तोंडातून सगळी पिशवी ओढायची. गाठ मारायची राहिली, तर तासभर जपलेले रक्त आणि कण त्या उघड्या टोकातून पोटात सांडतात. पिशवी बाहेर आली, की ती कुठे गळते का हे पाहण्यासाठी तीत सलाइन भरून उजेडासमोर धरावी.

गळतीबद्दल भाबडे राहू नये. निळा रंग घालून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७६ पैकी ७ शस्त्रक्रियांत गळती आढळली. ती पिशवी वेगळ्या पद्धतीची होती, तरी आकडा लक्षात ठेवावा. अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळालेल्या न्यूमोलायनर या पिशवीलाही एफडीएने अट घातली, की कॅन्सर पसरण्याचा धोका यामुळे कमी होतो असे सिद्ध झालेले नाही, हे कंपनीने स्पष्ट सांगावे. मायोमेक्टॉमीत (गर्भाशय ठेवून फक्त गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत) तर गाठ सोडवतानाच तिचा पृष्ठभाग उघडा पडतो, पिशवी येते त्यानंतर. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर वाढणारी गाठ किंवा एमआरआयवर संशयास्पद दिसणारी गाठ असेल, तर पिशवी आहे म्हणून मॉर्सेलेटर हातात घेऊ नये. गाठ अखंड काढावी, छेद मोठा झाला तरी चालेल.

वेळ जास्त लागतो. एका तुलनेत उघड्या, म्हणजे पिशवीशिवायच्या, मॉर्सेलेशनपेक्षा पिशवीत सरासरी सुमारे २६ मिनिटे अधिक लागली. सवयीने हे अंतर कमी होते. फार मोठ्या गाठीला मात्र ही पिशवी गैरसोयीची आहे. आत हालचालीला जागा उरत नाही आणि ५ मिमीच्या दुर्बिणीचा उजेड अपुरा पडतो.

तिथे साधा पर्याय जास्त बरा वाटतो: बेंबीतला छेद अडीच-तीन सेंटिमीटर करायचा, छेद उघडा धरणारा रिंग रिट्रॅक्टर बसवायचा, पिशवीचे तोंड बाहेर घेऊन गाठ टिनॅक्युलमने (आकडीच्या चिमट्याने) धरायची आणि सुरीने इंग्रजी सी अक्षरासारखे छेद घेत सलग पट्टी काढायची. फिरते पाते नाही, महागडे यंत्र नाही, पकड सुटू दिली नाही तर गाठ उलगडत येते. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात) पिशवीतल्या हाताने कापण्याची उघड्या पॉवर मॉर्सेलेशनशी तुलना होती. त्यात मिळून २ चाचण्या आणि १७६ स्त्रिया एवढाच पुरावा होता. त्यावरून कोणती पद्धत सरस, हे ठरवता येत नाही.

खरेदी करणाऱ्या रुग्णालयांनी एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. ही पिशवी एकदाच वापरायची आहे. ईटीओ करून (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून) दुसऱ्या रुग्णात वापरली, तर आधीच्या चिमट्याने पाडलेले सूक्ष्म भोक कोणालाही दिसणार नाही. पैसे वाचवायचेच असतील तर हाताने कापण्याची पद्धत शिकावी. आणि ऑपरेशन नोटमध्ये पिशवीचा प्रकार, गाठींची संख्या, सलाइन चाचणीचा निकाल आणि पिशवी फाटली असल्यास ते, असे चारही लिहावे. उद्या पॅथॉलॉजीचा अहवाल अनपेक्षित आला, तर पुढचा डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारेल.