सिडमथचा लोकसंगीत महोत्सव आणि पिंपातली बिअर
इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील सिडमथ या किनारी गावात 1955 पासून लोकसंगीत महोत्सव भरत आला आहे; ऑगस्टच्या आरंभी होणारा हा महोत्सव, उन्हाळाभर असे सोहळे हिंडणाऱ्याने मुळीच चुकवू नये. तिकिटाचे मोठे कार्यक्रम उत्तमच असतात, परंतु महोत्सवाचा खरा जीव पबमधील बैठकींत आहे: टेबलाभोवती फिडल (व्हायोलिन), कॉन्सर्टिना (भाता असलेले हातात धरायचे छोटे वाद्य) आणि बासरी घेऊन अनोळखी माणसे बसतात, कोणीतरी गाणे उचलतो आणि ध्रुवपद येताच सारी खोली त्यात मिसळते. समुद्रकाठच्या रस्त्यावर घुंगरू बांधलेले मॉरिस या पारंपरिक इंग्रजी लोकनृत्याचे नर्तक नाचतात, तेही पाहावे.

सोबतीला हातपंपाने ओढलेली कास्क एल घ्यावी. ही बिअर पिंपातच दुसऱ्यांदा आंबते आणि साधारण 12 अंश सेल्सियसला दिली जाते. बर्फगार लागरची सवय असलेल्या आपल्या जिभेला ती प्रथम कोमट वाटते, मात्र माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा त्याच तापमानाला उलगडतो. एका पबात मिळालेला पेला आंबूस निघाला. उघडलेले पिंप काही दिवसांत संपले नाही की असे होते, आणि सांगितल्यावर तो निमूट बदलून मिळाला. राहण्याची सोय मात्र महाग असल्याने ती फार आधी करावी.