पेपर शोधायचं टूल बनवताना: फॉर्म पाठवायचा का शेजारी बसायचं?

बायोसायन्सचे संशोधन-पेपर शोधताना पोरांना नेमकं कुठं अडतं हे कळायला दोन रस्ते आहेत, एक तर ऑनलाइन फॉर्म पाठवा, नाहीतर शेजारी बसून त्यांना सर्च करताना बघा आणि मनात येईल ते मोठ्यानं बोला म्हणा.

फॉर्म सोलापूरच्या सगळ्या कॉलेजात एका दिवसात पोचतो, पेपर शोधायच्या साइट्सपैकी कोण पबमेड वापरतं कोण गूगल स्कॉलर ते आकड्यात कळतं. पण लोक आठवून लिहितात, आणि "सर्च जमतं का" ला बहुतेकजण हो टिक करून मोकळे.

आता शेजारी बसा आणि काम द्या, डाळिंबाच्या तेल्या रोगावरचे पेपर शोध (केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे, विषय घरचा). तेल्याच्या जिवाणूचं नाव जुन्या पेपरात झँथोमोनास ॲक्झोनोपोडिस, नंतरच्यात झँथोमोनास सिट्री, पुढचं पॅथोवार (म्हणजे जिवाणूचा उपप्रकार) प्युनिकी तेवढं तेच. पोरगं एकच नाव टाकतं, थोडे रिझल्ट येतात आणि त्याला वाटतं एवढंच काम झालंय. हे फॉर्ममध्ये येणारच नाही, कारण काय सुटलं हे त्यालाच माहीत नाही! टूलनं दुसरं नाव स्वतःहून सुचवायला पाहिजे हे बघितल्यावरच लक्षात येतं.

वेळ जातो, खरंय. पण वेबसाइट-ॲप वापरायला सोपे आहेत का हे तपासणारे तज्ज्ञ जेकब निल्सन तर एका फेरीला 5 जण बास म्हणतात. माझं मत, आधी बसा, मग त्यातनं प्रश्न काढून फॉर्म पाठवा, आणि बीएस्सीवाले, पीएचडीवाले वेगवेगळे बघा, दोघांची शोधायची पद्धतच वेगळी असते.