दमल्यावर पाऊल कसं पडतं ते दाखवणारी टेस्ट, बालेवाडी

माझी मुलगी २०० मीटर पळते, सोळा वर्षांची आहे, वर्षभरात दोनदा उजवी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) धरली आणि दोन्ही वेळेला शेवटच्या ५० मीटरमधेच. आधी एका ठिकाणी ट्रेडमिलवर व्हिडिओ काढला होता, ताजीतवानी असताना दोन मिनिटं पळवलं आणि म्हणाले रनिंग मस्त आहे, मग दुखतं का ते कोणी सांगेना. म्हणून बालेवाडी स्टेडियमजवळच्या या सेंटरला गेलो आणि खरंच सांगते, पहिल्यांदाच कोणीतरी मुद्द्याला हात घातला.

इथे ट्रॅकवर, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून, १५० मीटरचे पाच रेप, म्हणजे तेच अंतर पाच वेळा पळायचं, मधे तीनच मिनिटं रेस्ट. पहिला आणि पाचवा रेप सेकंदाला २४० फ्रेमने शूट करून शेजारी शेजारी लावतात. पहिल्यात पाऊल २७ फ्रेम जमिनीला टेकलेलं, पाचव्यात ३२! म्हणजे ०.११ सेकंदाचं ०.१३ झालं, टॉपच्या स्प्रिंटरचं ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, आणि हा उशीर प्रत्येक पावलाला होतोय. गुडघा वर येत नाही, पाऊल कमरेच्या बरंच पुढे पडतंय म्हणजे दर वेळी आपणच ब्रेक मारतोय, खांदे कानाशी, हात छातीवरून आडवे. तिला तर वाटत होतं की मी पाचही वेळा सारखीच पळाले.

तिथल्या ताईंनी फार नीट समजावलं. पुढे फेकलेला पाय टेकायच्या आधी त्याला आवरायचं काम हॅमस्ट्रिंगचं, ती ताणली जात असतानाच जोर लावत असते आणि पळताना बहुतेकदा तिथेच धरते. दमल्यावर नुसती ताकद जात नाही, कुठला स्नायू कधी आवळायचा कधी सोडायचा हे टायमिंगच ढासळतं. २००९ ला बर्लिनमधे १०० मीटर ९.५८ सेकंदात पळताना उसेन बोल्टसुद्धा ६० ते ८० मीटरमधे सगळ्यात फास्ट होता, शेवटच्या २० मधे थोडा उतरलाच, फक्त इतरांपेक्षा कमी.

आता पाऊल पुढे पडायला लागलं की रेप तिथेच बंद, आणि आठवड्यातून दोनदा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम.

खटकलं ते एवढंच की रिपोर्ट आठ दिवसांनी आला आणि सगळा इंग्रजीत. ३५०० रुपये जास्त वाटले होते, आता नाही वाटत. सकाळचा स्लॉट घ्या आणि कोचना बरोबर न्या, आम्ही नेलं नव्हतं, मग तो पाचवा रेप मोबाईलवर दाखवत सनस ग्राउंडवर अर्धा तास मलाच सगळं सांगावं लागलं.