‘नक्कल’ म्हणून आमच्याकडून नेलं, ‘अस्सल’ म्हणून विकायला मांडलं

अमेरिकेत ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या रंगीत काचेच्या प्लेट्स असतील, त्यांनी हे जरूर वाचावं.

सासूबाई गेल्यावर त्यांचं ओहायोतल्या कोलंबस शहरातलं घर मी आणि माझी नणंद आवरत होतो. कपाटात मधाच्या रंगाच्या नक्षीदार प्लेट्स होत्या, बहुतेक आजेसासूबाईंच्या, १९३०च्या आसपासच्या महामंदीच्या काळातल्या. तेव्हा अशी काच यंत्रावर साच्यात दाबून स्वस्तात काढत. ओट्सच्या डब्यातून, सिनेमाच्या तिकिटाबरोबर ती फुकटही मिळे. आमच्या प्लेट्सवरची नक्षी ‘माद्रिद’. फेडरल ग्लास या कोलंबसच्याच कंपनीने ती १९३२ ते १९३९ या काळात काढली.

जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ‘किंमत फुकट सांगतो’ म्हणून घरी आला. त्याने दिवे घालवले आणि यूव्ही (अतिनील) टॉर्चचा जांभळा उजेड प्लेट्सवर पाडला. काहीच चमकलं नाही. “जुनी काच हिरवी चमकते, ही नकली आहे,” तो म्हणाला. मग एक प्लेट उचलून नक्षीत लपलेला बारीक ‘७६’ दाखवला. “सगळा १९७६चा माल.” काचेतले बुडबुडेसुद्धा त्याने हलक्या मालाचा पुरावा म्हणून दाखवले. नणंदेचा चेहरा उतरला. आपल्या आजीची म्हणून ती जे जपत होती, ते खोटं निघालं असंच तिला वाटलं. अगदी किरकोळ पैसे टेकवून त्याने जवळजवळ सगळा सेट नेला.

त्याच्या प्रत्येक बोलण्यात थोडं खरं होतं, याचाच मला जास्त संताप येतो. टॉर्चखाली चमकतं ते काचेतलं युरेनियम, आणि ते मुख्यतः हिरव्या काचेत घालत. मधाच्या रंगाची काच चमकली नाही यावरून तिच्या वयाचं काहीच ठरत नाही. उलट युरेनियमची नवी काच आजही बनते आणि तीही तशीच चमकते. बुडबुडे, साच्याच्या रेघा, थोडा ओबडधोबडपणा हे तर त्या काळच्या स्वस्त काचेत नेहमीचंच.

आणि तो ७६? अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा फेडरलने हीच नक्षी ‘रिकलेक्शन’ नावाने पुन्हा काढली आणि तिच्यात हा आकडा घातला. फुटलेल्या प्लेट्सच्या जागी सासूबाईंनी त्यातल्या काही घेतल्या होत्या. त्याने नेमकी त्यातलीच एक उचलली आणि तिच्या जोरावर सगळा सेट खोटा ठरवला. म्हणून एकूण एक प्लेट उजेडात धरून पाहा. पुढे हे साचे इंडियाना ग्लास या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि आकडा काढून टाकला गेला, त्यामुळे गुलाबी किंवा निळ्या माद्रिदवर ७६ नाही म्हणून ती जुनी, असंही धरू नका.

काही दिवसांनी एका अँटिक मॉलमध्ये त्याच्या गाळ्यावर आमचीच मोठी प्लेट दिसली. कडेचा टवका आम्ही लगेच ओळखला. चिठ्ठीवर ‘माद्रिद, १९३०चं दशक, अस्सल’ असं लिहिलेलं. विचारलं तर म्हणाला, सौदा झालाय. त्याने दिलेल्या पावतीवर फक्त ‘काचेची जुनी भांडी’ एवढंच होतं, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही.

नणंदेने आठवण म्हणून बाजूला ठेवलेल्या थोड्या प्लेट्स उरल्या आहेत. त्यांत आम्ही फळं, कोशिंबीर, केक वाढतो. त्या हातानेच धुवायच्या. डिशवॉशरमध्ये काच कायमची धुरकट होते. मायक्रोवेव्ह, ओव्हन तर नाहीच, आणि फ्रीजमधून काढलेल्या प्लेटवर गरम पदार्थ वाढला तर ती तडकू शकते.

विकायच्याच असतील तर किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नको. पावतीवर नक्षीचं नाव, रंग, प्रत्येक प्रकारचे नग किती आणि ‘जुनी’ की ‘१९७६ची’ हे त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. आणि प्लेट्स घराबाहेर जाण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.