ट्यूब ॲम्पचा आवाज बसला आणि ३१,२०० रुपये गेले

माझा गिटारचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर, दुरुस्तीला दिला, तर मेकॅनिकने लावलेला हिशोब असा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबचा सिग्नल स्पीकरला देणारा) १४,५००. ईएल३४ या मोठ्या पॉवर ट्यूबची जोडी ७,८००. १२एएक्स७ या छोट्या ट्यूब तीन, ५,४००. मजुरी ३,५००. एकूण ३१,२०० रुपये. यातला एकही नवा पार्ट बसवलेला नव्हता. खरा बिघाड एका जॅकमध्ये, म्हणजे केबल खुपसायच्या भोकात होता आणि दुसऱ्या मेकॅनिकने तो माझ्यासमोर ६०० रुपयांत काढला. त्या पहिल्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण गोव्यात गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला त्याची रीत कळलीच पाहिजे.

आम्ही फोंड्याकडचे. जत्रेतली नाटकं, लग्नं, चतुर्थीचे कार्यक्रम, सगळीकडे माझा ५० वॅटचा हेड (स्पीकर वेगळा असलेला ॲम्प) असतो. पावसाळा संपता संपता त्याचा आवाज मधेच निम्म्यावर यायला लागला. गेनचा नॉब वाढवा, मास्टरचा (एकूण आवाजाचा) वाढवा, काही फरक नाही. कधी कर्र करून आपोआप परत यायचा. गिटार बदलली, केबल बदलली, स्पीकरची वायर बदलली. जे घरी करता येतं ते केलं होतं.

लोक आता विचारतात, त्याच्याकडेच का दिलास? मग कुणाकडे द्यायचा होता? टीव्हीवाले मेकॅनिक ट्यूब ॲम्पला हात लावत नाहीत, आत चारशे-साडेचारशे व्होल्ट असतात. मुंबई-बंगळूरला पाठवायचा तर एवढं वजनदार धूड ट्रान्सपोर्टमध्ये आपटून काचा फुटायची भीती. या माणसाचं नाव मला वाजवणाऱ्यांनीच दिलं होतं. बार्देशात त्याचं बरं चालतं, बाकावर ऑसिलोस्कोप, भिंतीवर बँडवाल्यांचे फोटो. त्याने हेड जोडला, एक तार छेडली आणि म्हणाला, "आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाय, त्याने ट्यूब पण खाल्ल्या. बाब, तुमी भियेवं नाका, हांव करतां." मागची जाळीसुद्धा काढली नव्हती. मीटर हातात न घेता जो ट्रान्सफॉर्मर गेला म्हणतो, त्याच्या दुकानातून ॲम्प उचला आणि चालू लागा. ट्रान्सफॉर्मर जातो तेव्हा सहसा फ्यूज उडतो, नाहीतर आवाज फाटून कायमचा बसतो. तो तासभर छान वाजून मग रुसत नाही.

१०,००० ॲडव्हान्स यूपीआयने मागितले, तेही दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर. उरलेले २१,२०० नेताना, रोख. बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल." जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला."

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की आजही डोकं फिरतं. माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. अंगठ्याएवढं, लाल मातीचं, एका बाजूला भोक. ॲम्प परत घेताना मागची जाळी उघडी होती आणि ते घर जागच्या जागी होतं! नव्या ट्रान्सफॉर्मरवर जुनं घर कुठून येईल? मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. पण त्याच क्षणी त्याने गिटार माझ्या हातात दिली, मास्टर अर्ध्यावर, आणि आवाज असा खणखणीत आला की त्यापुढे मातीकडे कोण बघेल? माणूस आवाजासाठी गेलेला असतो, तो आवाज समोर होता.

तो आवाज का आला, हे नंतर कळलं. ॲम्पला बाहेरचे पेडल जोडायला सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात, तो इफेक्ट्स लूप. त्यातल्या रिटर्न जॅकमध्ये एक पातळ पत्ती असते. लूपमध्ये काही जोडलेलं नसेल तेव्हा सगळा सिग्नल त्या पत्तीवरूनच पुढे जातो. आपल्या दमट, खाऱ्या हवेत ती काळी पडते आणि आवाज बसतो. तपासताना त्याने लूपमध्ये पिन घालून काढली असणार. तेवढ्याने पत्ती खरवडली गेली आणि ॲम्प काही काळ बरा चालला. मग म्हार्दोळजवळच्या एका नाटकात, भर पदाला, पुन्हा निम्म्यावर.

दुसऱ्या मेकॅनिकने काय केलं? एक छोटी पॅचकॉर्ड घेतली, सेंडमधून रिटर्नमध्ये लावली. आवाज पूर्ण परत. संपलं निदान. ही कॉर्ड तुमच्याकडे असतेच, पेडलवाली. ॲम्प न उघडता आधी हेच करून बघा. मग त्याने आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पत्तीचा ताण नीट केला आणि मला एकेक दाखवत गेला. ट्रान्सफॉर्मरचं सोल्डर कंपनीचंच, कुणी हात लावलेला नाही. पहिल्या जागेच्या १२एएक्स७ वर मी मार्करने केलेली खूण तशीच, म्हणजे त्याही माझ्याच. बदलल्या होत्या फक्त ईएल३४, आणि त्याही कुणाच्या तरी वापरून झिजलेल्या. बायस (ट्यूबमधून किती करंट जाऊ द्यायचा ते) सेट केलेला नाही, एका ट्यूबच्या आतली धातूची प्लेट तापून अंधारात लाल दिसत होती. माझी चांगली जोडी त्या पहिल्याने चोरली!

चौकीवर गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "आवाज येतो ना आता? मग तक्रार कसली?" भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, माझ्या ट्यूब ठेवून घेतल्या त्याला ३१६ आहे, हे मी सांगायचं का त्यांना? "हा दिवाणी मामला" म्हणून कागद परत सरकवला, पोच द्यायलाही तयार नाहीत. बँकेत गेलो, तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. एका सरकारी कार्यालयात गेलो, तर बिल आणा. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा म्हटली आहे, आणि खुर्चीत बसलेला माणूस मलाच बिल मागतो. जेवणाच्या सुट्टीनंतर या, साहेब रजेवर आहेत, अर्ज इंग्रजीत द्या. फसवणारा एकदा लुटतो, हे रोज थोडं थोडं लुटतात.

शेवटी वकिलाशिवाय स्वतःच ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, त्याचा नंबर जोडला. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयची पावती आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी निदान, हेच माझे पुरावे.

ॲम्प देण्याआधी प्रत्येक ट्यूबचा, ट्रान्सफॉर्मरचा फोटो काढा, पण मागच्या जाळीतूनच. चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज साठून राहतो. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही, कुणी करायला लागला तर हात धरा. जुने पार्ट परत मिळतील हे मेसेजमध्ये लिहून घ्या. ईएल३४ बदलल्या म्हणाला तर बायस किती ठेवला ते विचारा, आकडा सांगता आला नाही तर पैसे देऊ नका.

आणि गेल्या वर्षभरात बार्देशात कुणाचा "ट्रान्सफॉर्मर" असाच गेला असेल, तर मला कळवा. दोघा-तिघांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर चौकीवर पुन्हा जायची माझी तयारी आहे.